अंगणातील फुलझाडे आणि शेतातील औषध
(धुळे येथे शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांच्यासमोर केलेले भाषण)



वैशाखात आपल्या खानदेशात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. विहिरी आटतात, आणि तरीही शाळेच्या दारातील मोगरा व पंचायतीच्या कुंपणावरील जास्वंद कोणीतरी कळशीभर पाण्यावर जगवीत असते. अशा कष्टाने वाढविलेल्या झाडावर कीड पडली की जीव हळहळतो आणि हात सहज पोहोचतो तो शेतात फवारून उरलेल्या औषधाच्या बाटलीकडे. ही बाटली शाळेच्या वा कचेरीच्या अंगणात येऊ नये, तिच्यावाचूनही फुलझाडे उत्तम राखता येतात, एवढेच आज मला आपणांपुढे मांडावयाचे आहे.

मी कलाशाखेचा पदवीधर, माहिती खात्याचा सेवक, कृषितज्ज्ञ नव्हे. म्हणून प्रथम स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या घरच्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडला. शेंड्यांना कापसाचे बोळे चिकटवावेत तसा तो दिसे. शेतकरी स्नेह्याकडून कपाशीचे औषध आणून मी फवारले. आठवडाभर झाड स्वच्छ दिसले. पंधरवड्यात कीड पूर्वीपेक्षा अधिक झाली. पुढे एका कृषी अधिकाऱ्यांनी कारण उलगडून सांगितले. पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेणाचा थर असतो; औषध त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. मरतात ते त्याला खाणारे ढालकिडे. त्यांतील क्रिप्टोलिमस या ढालकिड्याची अळीही पांढऱ्या मेणाच्या झुपक्यांनी झाकलेली असते व प्रथमदर्शनी पिठ्या ढेकणासारखीच दिसते. मूळचा ऑस्ट्रेलियातील हा कीटक १८९८ साली भारतात मुद्दाम आणला गेला. अळी चपळपणे फिरते, पिठ्या ढेकूण जागचा फारसा हलत नाही, ही ओळखीची खूण. ती ठाऊक नसेल तर आपण चोर सोडून राखणदाराला मारतो.

आपले अंगण आणि शेजारचे शेत यांतील कुंपण किडीला ठाऊक नसते. जास्वंद, भेंडी आणि कपाशी ही एकाच कुळातील झाडे. अमेरिकेकडून आलेल्या एका पिठ्या ढेकणाने २००५ नंतरच्या काही हंगामांत गुजरात, पंजाब व महाराष्ट्रात कपाशीचे नुकसान केले. हाच कीटक जास्वंदीवर आणि गाजरगवतावर सुखाने राहतो. पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ साली कोइमतूर येथे आढळला. त्यालाही जास्वंद चालते. त्याच्या बंदोबस्तासाठी २०१० मध्ये बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेने पोर्तो रिकोहून त्याच्यावर जगणारे सूक्ष्म परोपजीवी कीटक मागविले आणि पपईच्या बागांत सोडले. जे काम विषाने साधले नाही ते या चिमुकल्या जिवांनी करून दाखविले. तेव्हा आपली जास्वंद निरोगी राखणे हे केवळ शोभेचे काम नव्हे. ती शेजाऱ्याच्या कपाशीची व पपईचीही राखण आहे.

आता प्रत्यक्ष उपाय. पहिला उपाय म्हणजे नजर. शनिवारी सकाळच्या शाळेत मुलांनी पाने उलटून पाहावीत व जे दिसेल ते वहीत टिपावे. पाने चिकट व काळी पडली असतील, खोडावर मुंग्यांची रांग असेल, तर मावा, खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण जवळच आहे असे समजावे. या किडींच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्यांची राखण करतात. म्हणून मुंग्यांची वाट आधी तोडावी. कीड थोडी असेल तर जुन्या ब्रशने व साबणाच्या पाण्याने ती घासून काढावी. फांदीच भरली असेल तर ती छाटून जाळावी. रस्त्यावर वा बांधावर फेकू नये. उन्हाळ्यात गुलाबाची पाने फिकट ठिपक्यांची होऊन मागे बारीक जाळी दिसली, तर तो लाल कोळी होय. त्याला धूळ व कोरडेपणा मानवतो. पानांच्या मागील बाजूवर सकाळी पाण्याचा फवारा मारावा.

दुसरा उपाय आपल्या दारीच आहे. शाळा उघडतात त्याच सुमारास कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो. त्या गोळा करून सावलीत वाळवाव्यात. ५० ग्रॅम निंबोळीचा भरडा फडक्यात बांधून रात्रभर थोड्या पाण्यात भिजवावा, सकाळी पिळून घ्यावा, त्यात पाणी घालून १ लिटर करावे व चिमूटभर साबणाचा चुरा मिसळावा. हा अर्क त्याच दिवशी सायंकाळी फवारावा, कारण उन्हाने त्याचा गुण उतरतो. मावा, पांढरी माशी व कोवळ्या अळ्या यांवर तो उपयोगी पडतो.

विषाविषयी मी इतका आग्रह का धरतो? १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील एका शाळेत मध्यान्ह भोजनानंतर २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. हेच औषध आपल्याकडे वर्षानुवर्षे कपाशीवर फवारले गेले आहे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व मजूर मृत्युमुखी पडले. ती तर जाणती माणसे होती. आपल्या अंगणातील तुळशीचे पान तीर्थात जाते, जास्वंद गणपतीला वाहिली जाते, आणि ती खुडणारा हात बहुधा लहान मुलाचा असतो.

म्हणून माझी विनंती अशी. शाळेच्या वा पंचायतीच्या कोठारात औषधाचा डबा, मग तो रिकामा का असेना, ठेवू नये. पंचायतीने गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी उपटावे. साध्या उपायांनी कीड आटोपली नाही, तर कीडग्रस्त फांदी बंद पिशवीत घालून तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावी व सांगतील तेच करावे. आणि परत जाल तेव्हा आपल्या दारातील जास्वंदीचे एक पान उलटून पाहावे.