उक्त्याची टोळी



मजूर माजले, अशी ओरड गावोगाव आहे. कांदा लावायला बाया रोजाने येत नाहीत, एकराचं उक्तं मागतात. मागू द्या! समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला, तरी रोजात बाईच्या हातावर गड्यापेक्षा कमीच पडलं. उक्त्यात दर एकराचा. बाई की गडी, कोण विचारतो? किती जणींनी यायचं, कधी सुटायचं, पैसे कसे वाटायचे, त्यांचं त्या ठरवतात. बांधावर उभं राहून ओरडायची आपली सवय मोडली, खरं दुखणं ते आहे. लावण विरळ झाली तर पुढच्या साली बोलावणं नाही, हे त्यांना सांगावं लागत नाही.

टोळी ऊसतोडीलाही असते. पण तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल मुकादमाची, हिशेबही त्याचाच. उचल फिटेपर्यंत सुटका नाही.

उक्त्याचा दर वाढणार, आणि तो कांद्याच्या भावातूनच निघायचा. डिसेंबर २०२३ मध्ये, रब्बीची लावण चालू असताना, सरकारने निर्यात बंद केली. ती उठली मे २०२४ मध्ये. बायांना पैसे मात्र लावणीलाच मोजावे लागले. भांडण कुणाशी करायचं, ते तालुक्याच्या बैठकीत ठरवा.