मान आणि अंधारातील पाऊल



डोळे मिटून हात वर उचला. हात कोठे आहे, हे न पाहताही तुम्हांला कळते. स्नायू, कंडरा व सांधे यांतील ज्ञानतंतूंची टोके हे वृत्त मेंदूकडे सतत धाडीत असतात. इंग्लंडचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ साली या संवेदनेला स्वतंत्र नाव दिले. आपण तिला स्थितिसंवेदना म्हणू.

हातापायांकडून येणारे हे तंतू मज्जारज्जूच्या मागील भागातून वर चढतात. मेंदूकडे जाताना त्यांना मानेच्या मणक्यांतील नळीतून जावे लागते. प्रौढ माणसात ही नळी पुढून मागे साधारणतः १७ मिलिमीटर असते; १३ मिलिमीटरांहून कमी असल्यास ती अरुंद समजतात. वयोमानाने मणक्यांमधील चकत्या झिजतात, हाडांना कंगोरे फुटतात, अस्थिबंध जाड होतात. नळी अरुंद असूनही अनेकांना काहीच त्रास होत नाही. परंतु मज्जारज्जू दाबला गेला, म्हणजे संवेदना मंदावू लागते.

या विकारात मान दुखतेच असे नाही. सदऱ्याची बटणे लागेनाशी होतात. खिशातील नाणे चाचपून ओळखता येत नाही. कुम्हारीच्या परिसरात धानाच्या बांधावरून दिवसा नीट चालणारा शेतकरी तिन्हीसांजेला त्याच बांधावर भेलकांडतो. दिवसा डोळे पायांची उणीव भरून काढतात. अंधारात तो आधार तुटतो. पाय जुळवून उभे राहण्यास व डोळे मिटण्यास सांगण्याची परीक्षा याच तत्त्वावर आधारलेली असून, ती एकोणिसाव्या शतकातील जर्मन वैद्य रोमबर्ग यांच्या नावाने ओळखली जाते.

असा तोल जाणे ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाने किंवा मधुमेहानेही संभवते. म्हणून ‘म्हातारपण आले’ असे म्हणून स्वस्थ बसू नये, आणि न्हाव्याकडून मान कडाकडा मोडून तर मुळीच घेऊ नये. मान झटक्याने मागे गेली, की नळीतील जागा अधिकच आक्रसते. कुम्हारीहून खारून नदी ओलांडली, की रायपूरच्या टाटीबंध भागात २०१२ साली सुरू झालेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आहे. तपासणीसाठी आता दूरच्या महानगरात जावयास नको.

शस्त्रक्रियेने मज्जारज्जूवरील दाब दूर करता येतो. मात्र दीर्घकाळ चिरडलेले तंतू पुन्हा पूर्ववत होतीलच, याची खात्री देता येत नाही. यास्तव घरातील वडीलधाऱ्यांचे पाऊल अंधारात अडखळू लागले, तर त्यांच्या मानेचीही तपासणी करून घ्यावी.