एक लहानसा किडा आणि सुनेला लागणारा बोल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली गृहिणी. शास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण नांदेडला बी.एस्सी. करणाऱ्या भाचीकडून जे समजून घेतले, ते आपणा सर्वांच्या उपयोगाचे वाटले. म्हणून चार शब्द सांगते.

नारू आपल्या मराठवाड्याला ठाऊक आहे. बारवेचे पाणी न गाळता प्यायले, की पुढे पायातून हातभर जंत निघायचा. पाणी गाळून पिण्याची सवय लागली, पायऱ्यांच्या विहिरींचा वापर थांबला, आणि २००० साली आपला देश नारूमुक्त ठरला. याच नारूच्या गोतातला एक निरुपद्रवी किडा आहे. त्याचे नाव सी. एलेगन्स. लांबी एक मिलिमीटर, म्हणजे खसखशीच्या दाण्याएवढी. कुजलेल्या पाल्यापाचोळ्यात राहतो. अंग काचेसारखे पारदर्शक, आणि तीन-चार दिवसांत वाढ पुरी. म्हणून सिडनी ब्रेनर यांनी १९६० च्या दशकात तो अभ्यासाला घेतला. २००२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही या किड्यावर काम झाले आहे.

आता लग्नघरातला स्वयंपाक डोळ्यांपुढे आणा. कृतींची मोठी वही आजीच्या पेटीत असते. तिच्यातली एकेक कृती चिठ्ठीवर उतरून आचाऱ्याकडे जाते. पेशीतही असेच चालते. वही म्हणजे जनुके, चिठ्ठी म्हणजे आरएनए आणि तयार पदार्थ म्हणजे प्रथिन. पण साऱ्या चिठ्ठ्या एकदम आचाऱ्याच्या हाती पडल्या, तर कसा मेळ बसावा? म्हणून एखादी जाणती मावशी चिठ्ठ्या धरून बसते. ही आता द्या, ती उद्या, ही फाडून टाका. आरएनएला धरणारी काही प्रथिने हेच काम करतात.

या किड्यात जीएलडी-१ नावाची अशी एक मावशी आहे. ती नसली, तर अंडे व्हायच्या पेशी अंडे न होता नुसत्या वाढत सुटतात आणि गाठ होते. डॅझ-१ नावाची दुसरी नसली, तर अंडी तयारच होत नाहीत.

या डॅझ घराण्यातली प्रथिने माणसातही आहेत. त्यांतल्या काहींची जनुके फक्त पुरुषाकडे असणाऱ्या वाय गुणसूत्रावर असतात. वीर्यात शुक्राणू नसलेल्या काही पुरुषांमध्ये नेमका हाच तुकडा गळालेला असतो, असे १९९५ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले.

भगिनींनो, लग्नाला दोन-तीन वर्षे झाली, की आपण सुनेकडे बोट दाखवतो. तिलाच उपास, तिलाच नवस, तिलाच अंगारे-धुपारे. हळदीकुंकवाला तिला बोलवायचे की नाही, याचीही कुजबुज होते. मुलाला मात्र कोणी काही विचारत नाही. वास्तविक पुरुषाची पहिली तपासणी सोपी असते. आणि त्याच्यात उणे निघाले, तरी ते त्याचे पाप नव्हे. चिठ्ठी धरणारा हातच जन्मतः मिळाला नाही, तर माणसाने काय करावे?

मूल न होण्याचे कारण कधी तिच्यात असते, कधी त्याच्यात, कधी दोघांतही. तेव्हा आपल्या घरी किंवा शेजारी असा प्रसंग आला, तर सुनेला बोल लावण्याआधी एवढेच म्हणा, "दोघांनीही डॉक्टरकडे जा." हळदीकुंकवाला तर तिला आवर्जून बोलवा.