राजाघरचा घास नाकारणारा हत्ती



पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांची खांदेमळणी करतो आणि उद्या जेवायला या, असे त्यांना आवतण देतो. मुक्या जनावराला पाहुण्यासारखे बोलावण्याची ही आपली रीत मोठी गोड आहे. आज मी एका वेगळ्या पाहुण्याची हकीगत सांगणार आहे. त्याच्यापुढे प्रत्यक्ष राजाने खाणे मांडले, पण त्याने घासाला तोंड लावले नाही. हा पाहुणा म्हणजे एक हत्ती. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात तो भिंतीवर रंगविलेला आहे.

अजिंठा जळगावाहून साठेक किलोमीटरवर. आपल्या शाळांच्या सहली तेथे नेहमी जातात. हे लेणे पाचव्या शतकातले, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातले. त्यातली ही कथा मातृपोषक जातकाची.

एक हत्ती रानात आपल्या आंधळ्या आईला सांभाळून होता. वाट चुकलेल्या एका माणसाला त्याने रानाबाहेर पोचविले. त्याच माणसाने काशीच्या राजाला जाऊन ही खबर दिली. राजाचा मानाचा हत्ती नुकताच मेला होता. स्वारीच्या शोभेला दुसरा हवा होता. झाले, हत्ती पकडून आणला. हत्तीखाना सजविला, उत्तम खाणे पुढे ठेविले. पण हत्ती काही खाईना. राजाने कारण विचारले, तेव्हा आंधळी आई रानात एकटी असल्याचे कळले. राजाने त्याला सोडून दिले. अन्न नाकारणारा हत्ती आणि पुढे मायलेकरांची भेट, असे प्रसंग चित्रकाराने रंगविले आहेत.

एका सहलीत हे चित्र पाहताना शेतकऱ्याघरच्या एका मुलाने विचारले, "गुरुजी, हत्ती आजारी हाये का? आमचा बैलबी दुखणाईत असला म्हंजे चारा खात नाही."

त्या पोराने चित्राचे मर्म बरोबर पकडले. जनावराला वाचा नाही, पण नकार देता येतो. तो नकार गव्हाणीत दिसतो, डोळ्यांत दिसतो. पाहणारा मात्र हवा.

पहिल्या लेण्यात खांबाच्या माथ्यावर दोन बैलांची झुंज रंगविलेली आहे. माना खाली घालून एकमेकांना भिडलेले ते बैल पाहताना आपण रंगून जातो. जोम पाहून हरखणे हा माणसाचा स्वभावच आहे. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा नाचू लागला की आपली पावले थबकतात, ती याचमुळे. म्हणून प्रश्न सोपा नाही.

कोणी म्हणेल, "अहो, शर्यतीच्या बैलाला आम्ही लेकरापेक्षा जास्त खाऊ घालतो!" खरे आहे. पण खाऊ तर राजानेही घातले होते. झूल, घुंगरमाळ, खुराक ही आपली हौस झाली. जनावराला काय सोसावे लागते, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

कायद्यालाही हा पेच पडला. प्राण्यांना झुंजीला उठविणे १९६० च्या कायद्याने गुन्हा ठरले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना मनाई केली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती वैध ठरविली. म्हणजे शर्यतीला वाट मिळाली, पण अटी घालून. बैलाला मारझोड करून किंवा विजेचा धक्का देऊन पळविण्याची मुभा कोणालाच नाही. तथापि प्रत्येक शेताच्या बांधावर शिपाई उभा राहणार नाही. तेथे आपला आपणच न्याय करायचा.

त्यासाठी शेतकरी भावांना मी एवढेच सुचवीन. ज्या दिवशी जनावर आपल्या करमणुकीला लाविले, त्या रात्री कंदील नाहीतर बॅटरी घेऊन एकदा गोठ्यात जा. बैल चाऱ्याला तोंड लावतो की नाही, खाली बसतो की नुसता उभा राहतो, पाठीवर हात ठेवताच अंग चोरतो का, हे पाहा. उत्तर तेथे मिळेल. आणि शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना लेणी दाखवाल तेव्हा रंगांच्या आधी त्यांना विचारा, हा हत्ती का खात नाही?

राजाने विचारले, ऐकले आणि हौस सोडली. राजाला जे जमले, ते आपल्यालाही जमावे.