हप्ते संपले, पण कर्ज संपलं का?

आजचा एपिसोड छोटा आहे, पण ऐकून झाल्यावर एक काम नक्की करा.

गेल्या वर्षी पुण्यात फ्लॅट बघितला. बाबांनी त्यांची एफडी मोडून टोकन दिलं. मी होम लोनचा अर्ज केला आणि बँकेतून फोन आला, "सर, तुमच्या सिबिल रिपोर्टमध्ये थकबाकी दिसतेय."

म्हटलं, शक्यच नाही! रिपोर्ट काढला. पहिल्या नोकरीत असताना हप्त्यांवर मोबाईल घेतला होता. सगळे हप्ते भरलेले, तरी खातं अजून चालूच आणि शेवटचा हप्ता थकलेला. मोबाईल केव्हाच भंगारात गेला, कर्ज मात्र जिवंत! माझंही चुकलंच. हप्ते संपल्यावर मी एनओसी मागितली नव्हती.

मग सिबिलच्या साइटवर डिस्प्यूट टाकला. इथे एक लक्षात घ्या. सिबिल स्वतःच्या मनाने नोंद बदलत नाही. कर्ज देणाऱ्या कंपनीने चूक मान्य करावी लागते. म्हणून त्याच दिवशी त्या कंपनीलाही मेल केला. सोबत कर्ज खाते क्रमांक, शेवटचा हप्ता कापल्याचं बँक स्टेटमेंट आणि चुकीच्या नोंदीचा स्क्रीनशॉट. दोन्हीकडचे तक्रार क्रमांक जपून ठेवले.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी तक्रार ३० दिवसांत सुटायला हवी. नाही सुटली, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई मिळते. हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तीही फुकट.

माझी नोंद २६व्या दिवशी दुरुस्त झाली. बिल्डरने मुदत वाढवली म्हणून टोकन वाचलं. त्या महिन्यात बाबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

"पैसे द्या, रिपोर्ट साफ करून देतो" म्हणणारे एजंट भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. खरी थकबाकी कुणीच पुसू शकत नाही, आणि चुकीची नोंद काढायला पैसे लागत नाहीत.

सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क. या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही. तर आज झोपायच्या आधी एक रिपोर्ट काढा. आणि जुन्या कर्जाची एनओसी नसेल, तर उद्याच मागा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!