बेन नेव्हिसवरचे ढग



स्कॉटलंडच्या हायलँड्समधला बेन नेव्हिस हा ब्रिटनमधला सर्वांत उंच डोंगर. उंची 1345 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून सुमारे तीनशे मीटर कमी. पण चढाई सुरू होते ती जवळजवळ समुद्राच्या पातळीपासून.

बहुतेक लोक पश्चिमेच्या रुळलेल्या वाटेने माथा गाठतात. डोंगरात मुरलेली माणसं मात्र आधी शेजारचं कार्न मोर जेरग हे तांबूस ग्रॅनाइटचं शिखर चढतात. तिथून निघालेली अरुंद, दगडाळ धार कमानीसारखी वळत बेन नेव्हिसला भिडते. जागोजागी हात टेकवत चालावं लागतं, आणि उजवीकडे बेन नेव्हिसचे उत्तरेचे प्रचंड कडे सतत दिसत राहतात.

माथ्यावर बहुधा ढग असतोच, आणि तिथे त्याची गाठ फार जपून घ्यावी लागते. उतरताना होकायंत्र धरून आधी 231 अंशांच्या दिशेने 150 मीटर चालायचं, मग 282 अंशांवर वळायचं. दिशा चुकली तर गार्डीलू किंवा फाइव्ह फिंगर या जीवघेण्या घळी वाट पाहत असतात.

याच ढगात 1883 ते 1904 या काळात एक वेधशाळा चालली. बर्फ असो, वादळ असो, रात्रंदिवस दर तासाला नोंदी होत. सप्टेंबर 1894मध्ये सी. टी. आर. विल्सन हे तरुण शास्त्रज्ञ काही दिवस तिथे कामाला होते. सूर्य पाठीशी असताना खालच्या ढगावर आपली सावली पडते आणि सावलीच्या डोक्याभोवती रंगीत वलयं उमटतात, हे त्यांनी पाहिलं. हेच आपलं इंद्रवज्र. ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल साइक्स यांना ते हरिश्चंद्रगडावर दिसलं होतं.

विल्सन यांना ते दृश्य प्रयोगशाळेत घडवावंसं वाटलं. त्यासाठी ते काचेच्या भांड्यात ढग तयार करू लागले, आणि त्यातूनच पुढे अदृश्य विद्युतभारित कणांचा माग दाखवणारा मेघकक्ष जन्मला. 1927मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

मंडळी, माथ्याला हात लावून लगेच परत फिरणाऱ्याला यातलं काही मिळत नाही. सकाळच्या उन्हात हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर गेलात आणि दरीत धुकं भरलेलं असेल, तर कड्यापासून सुरक्षित अंतर राखा, पण घाई करू नका. थांबून बघा. डोंगर शिकवतो तो थांबणाऱ्यालाच.