महत्त्वाकांक्षा आणि तीन गुण



आजचा विषय फलकावर वाचून काही मंडळींना नवल वाटले असेल. युनियनचा माणूस बोनसवर बोलेल, ठेकेदारीवर बोलेल. सत्त्व, रज, तम हा तर कीर्तनकारांचा प्रांत. आमची शाळा नववीत सुटली. टिळकांचे ‘गीतारहस्य’ आम्ही रात्रपाळीहून परतल्यावर थोडे थोडे वाचले आणि त्याला तीन वर्षे लागली. तरीही हा विषय आम्ही मागून घेतला. “तुमच्या माणसांना महत्त्वाकांक्षाच नाही,” हे वाक्य बोलणीच्या टेबलावर आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की, त्याच्या मुळाशी जावेसे वाटले. हे वाक्य उच्चारणारा गृहस्थ स्वतःस ठाऊक नसता सांख्यशास्त्र बोलत असतो. कामगार तामस आणि आपण राजस, असा निवाडा त्याने मनाशी केलेला असतो.

प्रथम शब्दांकडे पाहू. महत्त्वाकांक्षा हा पुस्तकी शब्द आहे. आपल्या घरात तो कोणी बोलत नाही. आपण उमेद म्हणतो, जिद्द म्हणतो, ईर्षा म्हणतो, हाव म्हणतो. ‘पोरगं उमेदीचं आहे’ आणि ‘त्याची हाव सुटली’ ही दोन्ही वाक्ये एकाच माणसाविषयी, दहा वर्षांच्या अंतराने, एकाच म्हातारीच्या तोंडून निघू शकतात. शहरात या चारही भावनांना एकच नाव मिळाले आणि तेथून घोटाळा सुरू झाला. गुणांच्या नावांचेही तसेच आहे. झणझणीत रश्श्याला आपण तामसी जेवण म्हणतो आणि रागीट माणसाला तामसी स्वभावाचा म्हणतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात तिखट, खारट, जळजळीत आहार राजस सांगितला आहे. तामस म्हणजे शिळे, उतरलेले अन्न. म्हणजे ज्याला आपण रोज तामसी म्हणतो तो बहुधा राजस असतो.

आता हे गुण म्हणजे काय? ईश्वरकृष्णाच्या ‘सांख्यकारिके’त सत्त्व हलके आणि प्रकाश देणारे, रज चंचल आणि चालना देणारे, तम जड आणि झाकणारे असे वर्णन आहे. टीकाकार दिव्याचा दृष्टांत देतात. वात, तेल आणि ज्योत यांचे स्वभाव एकमेकांच्या विरुद्ध, तरी तिघे एकत्र आले म्हणजे उजेड पडतो. आम्ही लेथवर वीस वर्षे काढली, म्हणून आम्हांला हे आमच्या भाषेत कळते. मोटर हवी, बिडाची जड बैठक हवी आणि कामावर दिवाही हवा. बैठक हलकी असेल तर यंत्र थरथरते आणि माप चुकते. सत्त्व आणि तम ही दोन्ही आपण होऊन हलत नाहीत, त्यांना हलविणारा रजोगुणच, असेही शास्त्र सांगते. तेव्हा महत्त्वाकांक्षेला सरसकट पाप ठरविणाऱ्या बुवांशी आमचे जमत नाही. रजोगुणावाचून आपल्या शेतातला नांगर हलला नसता आणि मोर्चाही निघाला नसता.

तुमच्या गावचा सोमवारचा बैलबाजार पाहणाऱ्याला हे समजाविण्याची गरज नाही. बैल घेणारा दात पाहतो, खांदा पाहतो, चालवून पाहतो. मारका, बुजरा, बसका हे सगळे तपासतो. पण जाणता शेतकरी दोन्ही बैल तापट घेत नाही. एक तडफेचा, एक सबुरीचा अशी जोडी लावतो. आणि मागल्या बाजारात बसका ठरलेला बैल चांगल्या धन्याकडे, पोटभर वैरणीवर, कसा चालू लागतो हेही येथे पुष्कळांनी पाहिले असेल.

याच ठिकाणी जुन्या व्यवस्थेने दगा केला. गुण हे प्रवृत्तीचे वर्णन होते, त्यांचा माणसावर शिक्का झाला. ब्राह्मण सात्त्विक, क्षत्रिय राजस, खालचा तो तामस. त्याने मोठे होण्याची इच्छा धरणे म्हणजे स्वभावाविरुद्ध वागणे! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये या गुणाधिष्ठित वर्णकल्पनेचा समाचार घेतला. प्लेटोनेही माणसांचे तीन वर्ग कल्पिले होते. तो दाखला घेऊन माणसे अशा ठरावीक कप्प्यांत मावत नाहीत, प्रत्येक व्यक्ती निराळी असते, असे त्यांनी दाखविले. लाहोरच्या ज्या मंडळासाठी ते भाषण लिहिले होते त्याने परिषदच रद्द केली, म्हणून ते छापून काढावे लागले. न झालेली व्याख्याने कधी कधी झालेल्यांपेक्षा दूर ऐकू जातात. बाबासाहेबांचा हा आक्षेप आम्हांला पूर्ण मान्य आहे. गुणांचा उपयोग करायचा तो स्वतःची नाडी पाहण्यासाठी. दुसऱ्याच्या कपाळी डागणी देण्यासाठी करू नये. गीतेच्या चौदाव्या अध्यायातही कधी हा गुण वर येतो, कधी तो, असेच म्हटले आहे. शेजारच्या आळ्याला ज्ञानोबांच्या रेड्याची समाधी आहे. रेडा म्हणजे जडपणाची चालती मूर्ती, आणि लोककथेने वेद वदविले ते त्याच्याच तोंडून. ज्या मुलुखाने रेड्याची समाधी पुजली, तेथे माणसाला जन्माने जड ठरविणे शोभत नाही.

अठराव्या अध्यायात काम करणाऱ्याचे तीन प्रकार आहेत, ते आम्हांला सर्वांत उपयोगी वाटतात. राजस कर्ता फळासाठी आसुसलेला, लोभी, दुसऱ्याला दुखविणारा, मिळाले की नाचणारा आणि हुकले की कोसळणारा. सात्त्विक कर्त्याजवळ धीर आहे आणि, हे लक्षात घ्या, उत्साहही आहे. तो कोपऱ्यात बसून जप करणारा नाही. तामस कर्त्याच्या वर्णनात आळस आणि चेंगटपणा आहेच, पण ताठा आणि लबाडीही आहे. आणि तेथील एका शब्दाचा अर्थ काही टीकाकार ‘दुसऱ्याची उपजीविका तोडणारा’ असा करतात. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून हसलो. एका कारखान्यात, नाव सांगत नाही, चाळीस जुन्या माणसांना दिवाळीच्या तोंडावर गेटबंद करणारे साहेब आम्हांला महत्त्वाकांक्षेवर प्रवचन देत असत.

आजचे युग मात्र एकाच गुणाची पूजा करते. इन्फोसिसचे नारायण मूर्ती यांनी 2023 साली तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावे असे सांगितले. 2025 च्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाची मर्यादा 9 तासांवरून 12 वर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे 48 तास कायम आहेत, जादा कामास कामगाराची लेखी संमती हवी, असे म्हणतात. ठेक्यावरच्या पोराची लेखी संमती कशी घेतली जाते ते चाकणला नोकरी करणाऱ्या तुमच्या मुलांना विचारा.

या बाबतीत आमच्या डोळ्यांपुढे एक माणूस येतो: नारायण मेघाजी लोखंडे. मूळ गाव खेड तालुक्यातले कन्हेरसर, म्हणजे तुमच्या शेजारचेच. जन्म 1848 चा, ठाण्यात. रेल्वेत, पोस्टात नोकरी केली, पुढे गिरणीत स्टोअरकीपर झाले. त्या काळी बहुजनांच्या मुलाला ही मोठी मजल होती. तेथून हेडक्लार्क, मॅनेजरचा उजवा हात, अशी शिडी समोर उभी होती. ती सोडून 1880 साली त्यांनी ‘दीनबंधु’ पत्र हाती घेतले आणि 1884 साली गिरणी कामगारांची संघटना काढली. सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. मागण्या काय? रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार, जखमी झाल्यास भरपाई. रविवार खंडोबाचा वार, हेही त्यांनी मालकांना ऐकविले. 10 जून 1890 रोजी मालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. लोखंड्यांना मानाची आवड नव्हती असे नाही. सरकारने दिलेला रावबहादूर किताब त्यांनी घेतला. 1897 साली प्लेगच्या मदतकार्यात असतानाच ते प्लेगने गेले. असा माणूस सात्त्विक की राजस, हे ठरविण्याच्या भानगडीत आम्ही पडत नाही. त्यांची महत्त्वाकांक्षा हजारोंच्या उपयोगी पडली एवढे दिसते.

पण त्या मागण्यांत आम्हांला सांख्यांचा दिवाच दिसतो. विसावा हा तमोगुणाचा न्याय्य वाटा आहे. शरीराला निजू द्यावेच लागते. रॉबर्ट ओवेनने विलायतेत 1817 च्या सुमारास आठ तास काम, आठ तास करमणूक, आठ तास विश्रांती अशी हाक दिली. त्याला गुणत्रय ठाऊक नसावे, पण हिशेब तोच निघतो: राबण्याचे आठ तास रजाचे, झोपेचे तमाचे, आणि मुलाबाळांचे, पुस्तकाचे, भजनाचे, अशा व्याख्यानाचे आठ तास सत्त्वाचे. आपल्याकडे 1946 च्या दुरुस्तीने आठवडा 54 तासांवरून 48 वर आला, तेव्हा मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. दिवसाचे बारा तास झाले म्हणजे पहिला बळी सत्त्वाच्या वाट्याचा जातो. झोप कोणाला टाळता येत नाही, पुस्तक टाळता येते.

एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. या तालुक्यातली पुष्कळ मुले पुण्याच्या पेठांतून खोल्या करून स्पर्धापरीक्षेला बसतात. जागा शेकड्यांनी, उमेदवार लाखांनी. चार वर्षांनी, सहा वर्षांनी मुलगा रिकाम्या हाताने एस.टी.तून अळेफाट्याला उतरतो, आणि यात्रेला यायचे टाळू लागतो. त्याला आळशी म्हणू नका. तो तमात बुडाला नव्हता, रजाने पोळला आहे. विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्यांत तमावर अंगमेहनतीचा आणि रजावर स्वधर्माच्या मर्यादेचा उतारा सांगितला आहे. आमच्या मते या मुलांना पहिला उतारा लागू नाही. त्यांनी मेहनत कमी केलेली नाही. त्यांना कोठेतरी हात टेकायला जागा हवी आहे: सोसायटीत, दूध डेअरीत, बाजार समितीच्या हिशेबात, युनियनच्या कचेरीत. कायदा, इतिहास, अर्थशास्त्र त्यांनी आमच्यापेक्षा पुष्कळ अधिक वाचले आहे. आमच्या कचेरीत असे दोघे आहेत. ठेकेदाराने भविष्यनिर्वाह निधीचे पैसे कोठे मुरविले ते त्यांनी दोन दिवसांत शोधून काढले, आणि त्यांतला एक म्हणाला, “काका, पेपर सोपा होता.”

प्रश्नोत्तरांसाठी वीस मिनिटे राखून ठेवा, असे चिटणीसांनी सांगितले होते. त्यांतली पाच आम्ही खाल्ली आहेत.